पाठीवरचा पट्टा, तोंडावरचा पट्टा

लिफ्टमध्ये दोन मुलं हमरीतुमरीवर आली होती. मुलाच्या हातात आईचा मोबाईल होता आणि त्यावर सोसायटीच्या सीसीटीव्हीतलं ते राखाडी चित्र, जे आदल्या रात्रीपासून आमच्या ग्रुपवर फिरत होतं. पार्किंगमागच्या भिंतीवरून एक लांबोळकं जनावर चाललंय, शेपटी जवळजवळ अंगाएवढी, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. "बॅजर आहे," तो म्हणत होता. "स्कंकच आहे," ती. तिचा मामा न्यू जर्सीला असतो, त्याच्या अंगणात येतो म्हणे. "मग वास कुठे आला?" "तू होतास का खाली वास घ्यायला?" दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मोठ्या माणसाने निकाल द्यावा म्हणून. तेवढ्यात त्यांचा मजला आला, भांडण पॅसेजमधून पुढे गेलं आणि मी एकटीच वर निघाले. भिंतीवरचं ते जनावर उदमांजर होतं. मानपाड्याला राहून, पाठीशी येऊरचा डोंगर असताना ते ओळखू येतंच. माझ्या डोक्यात अडकून बसली ती मुलांनी घेतलेली दोन नावं: बिळं खणणारा बॅजर आणि घाण वासाचा फवारा मारणारा स्कंक. काळं-पांढरं अंग, आखूड पाय, रात्रीचं फिरणं, अंगाला वास, एवढ्यावरून ही दोन जनावरं जगभर एकमेकांच्या जागी ठेवली जातात. मला मात्र ती जवळजवळ उलट्या स्वभावाची वाटत आली आहेत, आणि तसं का वाटतं याचा छडा मी कधी लावला नव्हता.

वासाशी माझं नातं पोटापाण्याचं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. त्या रस्त्याने रोज जाणारी माणसं डोळे मिटूनही कुठवर आलो ते सांगू शकतात. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा सडलेल्या अंड्यासारखा वास, पुढे रबाळ्याकडे कसलातरी गोड, डोकं जड करणारा सॉल्व्हंट, तुर्भ्याला मार्केटमधला कांदा, लसूण, लाल मिरची. आमच्या लॅबमध्ये एका कपाटाला वेगळं कुलूप असायचं. त्यात मरकॅप्टनच्या बाटल्या. बाटली उघडायची ती फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटाच्या आतच, आणि काम झालं की पिपेट, बीकर, हातमोजे सगळं ब्लीचच्या बादलीत बुडवायचं. तरीही संध्याकाळी काहीतरी केसांना, ओढणीला चिकटून घरी यायचंच. लेडीज डब्यात माझ्या शेजारची बाई आधी आपली पिशवी हुंगायची, मग खिडकीबाहेर बघायची, मग हळूच सरकून बसायची. एकदा दोन कोळणींमध्ये त्यावरून बोलाचाली झाली. एकीला वाटलं, दुसरीच्या टोपलीतला माल शिळा आहे. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. कुणाला काय सांगणार, की हा वास माशाचा नाही, माझा आहे आणि तो हवेच्या अब्जावधी कणांत एखादा कण असला तरी नाकाला पुरतो?

मरकॅप्टन हे कारखान्यातलं जुनं नाव. पुस्तकात त्यांना थायॉल म्हणतात. गंधकाचा एक अणू, त्याला चिकटलेला हायड्रोजन, आणि मागे कार्बनची लहानशी साखळी. स्कंकच्या शेपटीखालच्या दोन ग्रंथींमध्ये प्रामुख्याने हीच मंडळी भरलेली असतात. त्यांच्या जोडीला थायोअॅसिटेट नावाची दुसरी रसायनं, ज्यांना स्वतःचा वास तितका नसतो, पण पाणी लागलं की ती हळूहळू फुटतात आणि त्यांतून पुन्हा थायॉल मोकळे होतात. म्हणून अमेरिकेतल्या कुत्र्याला आंघोळ घालून, पुसून घरात घेतलं, चार दिवस बरे गेले आणि मग पावसात भिजला की तो पुन्हा तसाच घमघमतो. तिकडे टोमॅटोच्या रसाने आंघोळ घालायची जुनी पद्धत आहे. त्याने वास जात नाही. आंघोळ घालणाऱ्याचं नाक तेवढ्या वेळात थकतं आणि टोमॅटोचा वास त्याला नवा म्हणून जाणवतो. खरा उतारा १९९३ साली पॉल क्रेबॉम नावाच्या इलिनॉयमधल्या रसायनतज्ज्ञाने प्रसिद्ध केला: हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण. कारखान्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास मारायला पेरॉक्साइड वापरतात हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या एका सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारा मारला होता. ते मिश्रण बाटलीत भरून विकता येत नाही, कारण त्यातून सतत प्राणवायू सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. ज्याला हवं त्याने त्या क्षणी कालवायचं आणि वापरायचं. हे वाचलं तेव्हा मला आमची ब्लीचची बादली आठवली आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

आपल्या स्वयंपाकघरातही या कुळातलं कुणी ना कुणी असतंच. हिंगाच्या डबीचं झाकण उघडल्यावर जो दर्प येतो तो गंधकाच्याच संयुगांचा. आणि शेगडीखालच्या नळीतून गॅस गळला तर आपण नाकाने ओळखतो, तोही गॅसचा वास नव्हे. प्रोपेन आणि ब्यूटेन यांना नाकाला कळेल असा वास नाही. सिलिंडरमध्ये एथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात शाळेच्या तळघरात बिनवासाचा नैसर्गिक वायू साचत राहिला, कुणाला कळलं नाही आणि एका ठिणगीने ती शाळा उडाली. जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. आज ठाण्यातल्या कुठल्याही इमारतीत बाई "अगो, गॅसचा वास येतोय" म्हणत धावते, तेव्हा ती त्या मुलांच्या मरणातून आलेली खबर ऐकत असते. स्कंककडे ही युक्ती आपल्या फार आधीपासून होती. वासाने मारायचं नाही, वासाने सांगायचं.

आणि तो किती वेळा सांगतो!

पट्टेवाला स्कंक आधी पुढचे पाय जमिनीवर आपटतो. मग फिस्कारतो, दोन पावलं पुढे येऊन मागे सरकतो, शेपटी उभी करून तिचे केस पिंजारतो. तरीही समोरचा हलला नाही तर अंग इंग्रजी यू अक्षरासारखं वळवतो, म्हणजे तोंड आणि शेपटी दोन्ही शत्रूकडे. ठिपकेवाला स्कंक तर पुढच्या दोन पायांवर उलटा उभा राहतो, आपण जेमतेम मांजराएवढे असलो तरी उंच दिसावं म्हणून. फवारा अगदी शेवटी. सुमारे तीन मीटरवर तो नेमका बसतो, पण ग्रंथींतला साठा थोडासाच असतो, चार-सहा वेळा पुरेल इतका, आणि तो पुन्हा भरायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस तो जवळजवळ निःशस्त्र. म्हणून हा प्राणी आपलं हत्यार वापरायला सगळ्यात नाखूश असतो. त्याला मोटारीपासून पळता येत नाही याचंही कारण हेच. प्रकाशाचा झोत अंगावर आला की तो थांबतो, वळतो, शेपटी उभारतो, आणि मोटारीला शेपटी वाचता येत नाही. पहाटे घोडबंदर रोडच्या कडेला पडलेली उदमांजरं मी पाहिली आहेत. तिथे अंगावर खूण असून-नसून सारखंच.

त्याचा एक शत्रू मात्र त्याला बिनदिक्कत उचलतो. अमेरिकेतलं मोठं शिंगवालं घुबड. त्याला वास फारसा कळत नाही, त्यामुळे पाय आपटणं, फिस्कारणं, फवारा, सगळं त्याच्यापुढे वाया. या घुबडाबद्दल मी पूर्वी वाचलं होतं आणि विसरले होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते पुन्हा आठवलं. ताप उतरला, अंगात बळ आलं, पण नाक गेलं होतं. ज्या नाकाने मी नमुना पास की नापास ते मशीनच्या आधी सांगायचे, त्याला हिंगाची डबी आणि पावडरची डबी यांतला फरक कळेना. सगळ्यात जास्त भीती गॅसची वाटायची. दिवसातून कितीदा तरी उठून रेग्युलेटर बंद आहे ना ते हाताने चाचपायचे. मुलगा कामावर जाण्याआधी ओट्यापाशी वाकून हुंगून जायचा आणि "ठीक आहे, आई" म्हणायचा. त्या "ठीक आहे"वर माझा दिवस चालायचा. पुढे वास परत येऊ लागला तो वाकडा होऊन आला. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि जळकं, कुजकं, प्राणी मेल्यासारखं काहीतरी नाकात शिरलं. कपाटाचं कुलूप उघडल्यासारखं वाटलं. कॉफीच्या सुगंधात फरफ्युरिल मरकॅप्टन असतं, हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं. इतर शेकडो वासांच्या सोबतीत ते भाजलेल्या बियांचा सुंदर दरवळ देतं. माझ्या नाकाने बाकीच्यांना सोडून तेवढ्या एकाला ओळखलं होतं. कोविडनंतर ज्यांचे वास बिघडले त्यांच्यापैकी अनेकांना कॉफीतलं हेच संयुग छळत होतं, असं संशोधकांनीही नंतर दाखवलं. मला त्या काळात कॉफीचा राग आला नाही. एवढ्या पडझडीत नाकाने आधी कुणाला जागा दिली, तर धोक्याची खबर देणाऱ्याला, याचं मला आश्चर्य वाटत राहिलं.

बॅजरकडे मी या सगळ्यानंतर वळले, कारण तो वासाचा प्राणी नाही. वास त्यालाही आहे. शेपटीखालच्या ग्रंथीने तो आपल्या घरच्यांवर खूण लावतो, एकमेकांना ओळखण्यासाठी. पण त्याचं खरं अवयव म्हणजे पंजे. युरोपातला बॅजर, अंगाने आपल्या गावठी कुत्र्याच्या निम्म्या उंचीचा आणि दुप्पट रुंदीचा, जमिनीखाली घर खणतो आणि ते घर पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. काही बिळं शंभर वर्षांहून जुनी आहेत. आत दालनं, वाटा, बाहेर पडायची अनेक तोंडं. शौचाला घरापासून दूर वेगळे खड्डे. रात्री ओल्या कुरणावर हिंडून तो गांडुळं खातो, एका रात्रीत शेकड्यांनी. आणि झोपायला अंथरलेलं गवत, पाला, तो कधी कधी सकाळी बाहेर ओढून आणतो, वाळू देतो आणि पुन्हा उलट्या पावलांनी आत नेतो. अमेरिकेतला बॅजर वेगळा, एकटा राहणारा, बिळातल्या खारींमागे खणत जाणारा. तरी खणणं हाच त्याचाही धर्म. स्कंकला जवळ येणाऱ्याला दूर ठेवायचं असतं. बॅजरला नुसतं आत असायचं असतं.

आणि माणसं त्याला आतून बाहेर काढत आली. इंग्लंडमध्ये बॅजरला खणून काढायचं, खोक्यात किंवा खड्ड्यात कोंडायचं आणि त्याच्यावर एकामागून एक कुत्री सोडायची, हा कित्येक शतकं खेळ होता. पैजा लागायच्या. सैल कातडी, जाड मान आणि एकदा मिटला की न सुटणारा जबडा यामुळे तो बराच वेळ टिकायचा, आणि टिकायचा म्हणूनच खेळाला रंगत. जर्मन लोकांनी ज्या लांबुडक्या, आखूड पायांच्या कुत्र्याला डाक्सहुंड म्हटलं, त्याच्या नावाचा अर्थच बॅजर-कुत्रा. बिळात शिरावा म्हणून वाढवलेला. १८३५ साली इंग्लंडने कायद्याने हा खेळ बंद केला, तरी चोरून चालत राहिला, म्हणून १९९२ मध्ये बॅजरच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे गुरांच्या क्षयरोगाचं कारण देऊन २०१३ पासून सरकारी परवान्याने त्यांना मारणं सुरू झालं आणि दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. आता इंग्रजीत त्याच्या नावाचं क्रियापद बघा. एखाद्याला बॅजर करणं म्हणजे त्याच्या मागे हात धुऊन लागणं, पिच्छा पुरवणं, नको नको करून सोडणं. छळ झाला बॅजरचा आणि छळण्याला नाव दिलं त्याचं. स्कंकचंही तेच. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या ज्या भाषाकुळातून हा शब्द इंग्रजीत आला, तिथे त्याचा उगम "मुतणारा कोल्हा" अशा जोडशब्दात आहे. त्यात दुष्टपणा कुठे नाही, पाहिलं ते सांगितलं आहे. इंग्रजीत आल्यावर मात्र दोनशे-अडीचशे वर्षांतच तो नीच माणसाला द्यायची शिवी झाला.

मला इथे माझी आत्या दिसते. नौपाड्यात पागडीच्या खोलीत राहायची, दोन जिने चढून डावीकडे. काका लवकर गेले. इमारत पाडून नवी बांधायची बोलणी सुरू झाली आणि एकेक बिऱ्हाड मिळतील ते पैसे घेऊन उठलं, कुणी कळव्याला, कुणी डोंबिवलीला. आत्या म्हणाली, करारात माझी जागा लिहून द्या, मग उठते. मग जिन्यातला दिवा गेला. मग पाणी सकाळी दहा मिनिटं यायला लागलं. माणसं येऊन दारात उभी राहून मोठ्याने बोलायची. ती दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला दोन वाक्यं परत करायची. आवाज खालच्या रस्त्यावर ऐकू जायचा. शाळेतून मी तिच्याकडे जायचे तेव्हा कोपऱ्यावरचे दुकानदार म्हणायचे, त्या भांडकुदळ बाईची भाची का तू? हळदीकुंकवाला तिला बोलावताना आमच्या घरातही दोनदा विचार व्हायचा. मला तिची भीती वाटायची आणि तिच्या घरी सगळ्यात शांत झोपही लागायची. दर रविवारी ती गाद्या, गोधड्या ओढत गॅलरीत आणायची, कठड्यावर उन्हात टाकायची आणि चार वाजले की पुन्हा आत. गवत वाळत घालणाऱ्या बॅजरबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दुसरं काहीच सुचलं नाही. त्या उन्हातल्या कापसाचा वास आला, खरोखर नाकात आला. शेवटी करार झाला, आत्याला त्याच जागी नव्या इमारतीत खोली मिळाली, आणि जी तीन-चार बिऱ्हाडं तिच्या मागे दार लावून गप्प बसली होती त्यांनाही मिळाली. पण "भांडकुदळ" काही गेलं नाही. ती वारल्यावर भेटायला आलेल्या एका बाईंनीही तोच शब्द वापरला, प्रेमाने. जे चालून आले त्यांना काहीच नाव नाही. जो जागचा हलत नाही, ज्याच्या तोंडून आवाज निघतो, ज्याच्या अंगाला वास येतो, नाव पडतं ते त्याला, आणि नाव ठेवायला उरतात ते बाहेर उभे असणारे.

दोघांच्या अंगावरच्या पट्ट्यांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. काळं-पांढरं अंग रात्री लपायला सोयीचं नाही, ते दिसण्यासाठीच आहे. पण पांढरा पट्टा कुठे आहे ते बघावं. स्कंकचा पट्टा डोक्यावरून पाठीला आणि पाठीवरून शेपटीकडे जातो, हत्याराच्या दिशेने. बॅजरचे पट्टे तोंडावर आहेत, नाकापासून डोळ्यांवरून मागे, जबड्याभोवती. मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या रंगांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनीही हे टिपलं आहे: नेमका फवारा मारणाऱ्यांच्या अंगावर लांब पट्टे, आणि बिळात राहून तोंडाने झुंजणाऱ्या गुटगुटीत प्राण्यांच्या चेहऱ्यावर खुणा. बिळाच्या तोंडाशी शत्रूला आधी चेहराच दिसणार. दोघेही जवळ काय आहे ते लपवत नाहीत. बॅजर हे इंग्रजी नावही बहुधा चेहऱ्यावरच्या या पांढऱ्या बिल्ल्यावरूनच पडलं असावं, असं कोशकार मानतात; त्याआधी तिथली माणसं त्याला ब्रॉक म्हणत.

पण हे सगळं इतकं सरळ राहत नाही, आणि राहत नाही ते बरंच आहे. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि फिलिपाइन्सच्या पलावान बेटावर एक आखूड शेपटीचा, डुकरासारख्या नाकाचा, काळाभोर प्राणी असतो. जमीन उकरून किडे खातो, जावातल्याच्या पाठीवर पांढरा पट्टा असतो, आणि छेडलं तर शेपटीखालून भयंकर वासाचा द्रव सोडतो. युरोपियन लोकांनी त्याला दुर्गंधी बॅजर ठरवलं. आकार बॅजरचा, खणणं बॅजरचं, खंड जुना. स्कंक तर नव्या जगातले. १९९७ मध्ये डीएनए तपासून पाहिल्यावर तो स्कंकांचाच जवळचा नातलग निघाला. त्याच वेळी हेही पुढे आलं, की स्कंकांना पाणमांजर, बॅजर यांच्या मोठ्या घराण्यात उगाच बसवलं होतं. त्यांचं कूळच निराळं. आज स्कंकांच्या कुळात अमेरिकेतले सगळे स्कंक आणि आशियातल्या या दुर्गंधी बॅजरच्या दोन जाती. नाव मात्र अजून बॅजरच. आणि बॅजर म्हणवणारे तरी एका आईचे कुठे आहेत? आपल्या ईशान्येकडचा डुक्करनाक्या बॅजर, आपल्या कोरड्या माळांवर क्वचित दिसणारा हनी बॅजर, अमेरिकेतला बॅजर, या सगळ्यांच्या फांद्या वेगवेगळ्या जागी फुटल्या आहेत. खणायला लागलं की पंजे तसे होतात, अंग तसं होतं, आणि लांबून पाहणारा एकच हाक मारतो. हनी बॅजरचा रंग तर उलटा: पाठ पांढरट, खालचं अंग काळं, जणू स्कंकचा पट्टा रुंद करून अंगभर ओढला. आणि त्यालाही शेपटीखाली वासाची पिशवी आहे. लिफ्टमधल्या भांडणाला याहून चांगला आधार दोघांनाही मिळाला नसता.

भिंतीवरच्या आमच्या पाहुण्याचीही नावं कमी नाहीत. कोकणात कांडेचोर, इतरत्र उदमांजर, आणि विदर्भाकडच्या माझ्या एका मैत्रिणीच्या तोंडी मसन्याऊद. स्मशानातला, प्रेतं उकरणारा. हिंदीतही त्याला कब्रबिज्जू म्हणतात, आणि तोच बिज्जू हा शब्द हनी बॅजरलाही चालतो. उदमांजर खरं तर फळांवर जगतं. वडा-उंबराची, पपई, चिकू, ताडाची ताडी, मधूनमधून उंदीर, किडे. बिया पोटातून जशाच्या तशा लांब नेऊन टाकतं. येऊरच्या उतारावरची कितीतरी झाडं त्याच्या विष्ठेतून उगवली असतील. त्याच्या ग्रंथींनाही वास आहे, आणि तो घाण नाही. आत्या कोकणातली, ती सांगायची, रात्री अंगणात आंबेमोहोर शिजल्यासारखा वास आला तर कांडेचोर येऊन गेला समजायचं. मलेशियाकडे लोकांना त्याच्यात पांडन या केवड्याच्या नात्यातल्या झाडाच्या पानांचा वास येतो, आणि पांडनमध्ये, सुवासिक तांदळात जे एक संयुग असतं तेच उदमांजराच्या नात्यातल्या बिंटुरोंग या प्राण्याच्या मूत्रात सापडलं आहे. आमच्या गच्चीच्या जिन्यात मला तो वास येतो. पूर्वीच्या नाकाला आला असता तेवढा भरभरून नाही, पण येतो. स्मशानाचं नाव असलेल्या प्राण्याला ताज्या भाताचा वास यावा, आणि तो वास ओळखणाऱ्या बाईला भांडकुदळ म्हणावं, याचा मला त्या जिन्यात उभं राहून कधी कधी फार त्रास होतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तो पिंजऱ्याचा. सातव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमागे डक्टमध्ये मादीने पिल्लं घातली आहेत, छतावर रात्री धावपळ ऐकू येते, लहान मुलं घाबरतात. कुणीतरी म्हणालं, पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगून पकडू आणि डोंगरात सोडून देऊ. मी उठून बोलले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे त्याला आपण असं पकडू शकत नाही, वनखात्यालाच कळवावं लागेल. आई पिंजऱ्यात गेली तर पिल्लं डक्टमध्ये मरतील आणि मग जो वास येईल तो मात्र खराखुरा स्मशानाचा असेल. "चावतं का हो?" चेअरमननी विचारलं. हात घातला तर चावेल, म्हटलं. त्याआधी गुरगुरेल, ते ऐकायचं. मालवणचे एक काका मागून म्हणाले, "आमच्या माळ्यावर वर्सानुवर्सां होतो कांडेचोर, कोणाक काय्येक करूक नाय." त्यावर थोडी चर्चा झाली, थोडी कुरकुर झाली. शेवटी ठरलं ते असं: कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं, खाली मांजरांसाठी ठेवलेलं खाणं रात्री उचलायचं, आणि डक्टला जाळी पिल्लं हिंडती होऊन बाहेर पडल्यावरच. बाहेर पडली हे कळणार कसं, असं सेक्रेटरींनी विचारलं. डक्टच्या तोंडाशी संध्याकाळी पीठ भुरभुरायचं, सकाळी ठसे बघायचे. सलग काही दिवस एकही ठसा उमटला नाही तर जाळी लावायची. पीठ माझ्याकडचं, आणि सकाळी ठसे बघायला मुलांनी यायचं असंही ठरलं. बॅजरवाला आणि स्कंकवाली, दोघांनीही नावं दिली आहेत.